सहाव्या मजल्यावरची मोहळाई

रविवारी संध्याकाळी पेस्ट कंट्रोलवाले येणार अशी नोटीस लिफ्टशेजारी लागली. ती वाचून प्रेमलाबाईंच्या पायाखालची जमीन सरकली, असं म्हणता येणार नाही. त्या राहायच्या सहाव्या मजल्यावर, जमीन पायाखाली होतीच कुठे? नोटीस मात्र त्यांनी तीनदा वाचली.

धायरीतल्या त्या सोसायटीच्या बी विंगला, बाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, वरच्या सज्ज्याच्या पोटाला आग्यामाश्यांचं मोहोळ लागलं होतं. चांगलं सुपाएवढं. सकाळी चहाचा कप घेऊन बाई बंद काचेआड उभ्या राहत आणि त्या काळ्याभोर जिवंत पडद्याकडे बघत बसत. जवळून घार गेली की सगळ्या माश्या एकदम अंग हलवत आणि मोहोळावरून सर्रकन एक लाट फिरून जाई. गेल्या वर्षीही त्या आल्या होत्या, आणि पावसाच्या आधी आपण होऊन उठून गेल्या होत्या. ना कुणाला सांगून, ना कुणाला चावून. यंदाही तशाच जातील, फक्त उन्हाळाभर कळ काढायची. एवढीच बाईंची मागणी होती.

पण मोहोळाच्या बरोबर खाली मुलांची घसरगुंडी होती. आणि त्यात एका माशीनं चेअरमन रावसाहेबांच्या नाकाचा शेंडा गाठला. अहो, सगळी सोसायटी सोडून तिला नेमकं तेच नाक सापडावं? आठवडाभर रावसाहेब तोंडावर बटाटवडा चिकटवल्यासारखे फिरत होते. साखर कारखान्यात हयात घालवलेला, चारशे माणसं हाताखाली नाचवलेला माणूस. तो माशीला सोडतो होय?

कमिटीच्या मीटिंगमध्ये प्रेमलाबाई बोलल्या, आणि नीट तयारी करून बोलल्या. माश्या कशा परागीभवन करतात, त्या गेल्या तर आंबा, कांद्याचं बी, सूर्यफूल कसं धरत नाही, माश्यांना डिवचलं नाही तर त्या कशा वाटेला जात नाहीत. रावसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मॅडम, आंबा आम्ही मार्केट यार्डातून आणतो."

सगळे हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "एवढा पुळका असेल तर हॉलमध्ये टांगा ना. झुंबराचा खर्च वाचेल."

हे सगळं बाईंनी गिळलं असतं. पण तिसऱ्या मजल्यावरची राजनंदिनी हसली नव्हती. ती कडेवरचं पोर सावरत उठली आणि म्हणाली, "काकू, माझं बाळ खाली खेळतं. त्याला काही झालं तर परागीभवन घेऊन काय करू मी?" बाई खाली बसल्या. आईच्या भीतीला उत्तर नसतंच. ठराव पास झाला, आणि लिफ्टशेजारी ती नोटीस लागली.

आता उरला शुक्रवार. त्या दिवशी मराठी भाषा दिन, आणि सोसायटीच्या लॉनवर प्रेमलाबाईंचं कथाकथन. बाई सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या, पण त्यांची खरी ओळख दिवाळी अंकांतली. दोन संग्रह नावावर, आणि सांगायला उभ्या राहिल्या की लोक चहा विसरतात अशी ख्याती. त्या दिवशी सांगायची गोष्टही ठरलेली होती. नवऱ्याच्या घोरण्यावरची, हमखास हशा घेणारी.

कार्यक्रम सुरू झाला. स्वागत झालं, नारळ झाला, शाल झाली. बाई माइकपाशी उभ्या राहिल्या. समोर पहिल्या रांगेत रावसाहेब, नाक आता बरंच उतरलेलं. वर अंधूक उजेडात सज्ज्याखालचा तो काळा आकार. आणि बाईंच्या तोंडून घोरण्याची गोष्ट निघेचना.

"मंडळी," त्या म्हणाल्या, "आज एक जुनी गोष्ट सांगते. आपण बसलोय ना, त्याच जागेची."

कसली जुनी? त्या क्षणी जन्माला येत होती ती.

इथे पूर्वी माळ होता, बाई सांगत गेल्या, आणि माळावर एकच आंब्याचं झाड. आभाळाला टेकलेलं. त्याच्या शेंड्याच्या फांदीला मोहोळ, आणि त्या मोहोळात राही मोहळाई. गावातल्या पोरीबाळी तिला नवं फूल दाखवायला आणत. पुढे एका माणसाला ते झाड आडवं आलं. त्यानं पेंढा पेटवून मोहोळाला धूर दिला, झाड तोडलं. मोहळाई काही बोलली नाही. शाप नाही, कोप नाही. ती फक्त निघून गेली. आणि पुढच्या वर्षी माळाभोवतीच्या वाड्यावस्त्यांवर मोहोर आला, फुलं आली, शेतं पिवळीधमक झाली, पण फळ म्हणून धरेना. भोपळ्याचं फूल सकाळी उमले आणि संध्याकाळी नुसतं गळून पडे. लोक एकमेकांच्या बांधावर जाऊन बघत, तिथेही तेच. मग ते मोहळाईला शोधायला निघाले. किती तरी वर्षं शोधलं. ती काही भेटली नाही.

बाई थांबल्या. लॉनवर हाताहातांतला चहा निवत होता.

"आज ती आपण होऊन आलीय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "झाड नाहीये. पण फांदी जेवढ्या उंचीवर होती ना, तेवढ्याच उंचीवर तिनं जागा शोधलीय. ती बघा." सगळ्यांच्या माना वर गेल्या. "आणि आपण तिला परवा विष घालणार आहोत."

टाळी पडली नाही. पडली असती तर बरं झालं असतं. टाळी म्हणजे गोष्ट संपली, चला घरी.

त्याऐवजी शेवटच्या रांगेतून इंदुबाई उठल्या. सत्तरी ओलांडलेल्या, मूळच्या धायरीच्या. सोसायटी उभी होती ती जमीन त्यांच्याच घरची, तिच्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटांपैकी एकात त्या राहत. त्यांचे डोळे भरून आले होते. "खरं हाय," त्या म्हणाल्या. "आक्षी खरं हाय. माझी आज्जी बी हेच सांगायची. मोहळाईच नाव व्हतं बगा."

प्रेमलाबाईंच्या अंगावर काटा आला. हे नाव त्यांना सुचून अर्धा तास झाला नव्हता! त्यांनी तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं, "मावशी, मी रचलीय हो ही गोष्ट." तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात राजनंदिनी पदर डोळ्यांना लावताना दिसली, दोघी-तिघींनी वर बघून हात जोडले, आणि बाईंनी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

पेस्ट कंट्रोल रद्द झालं.

घरी आल्यावर त्यांची मुलगी अक्षता सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. तिनं सगळा प्रकार गॅलरीतून पाहिला होता. "आई, तू लिटरली रिलिजन लाँच केलंस," ती म्हणाली. "आणि तेही तू? आजोबांनी घरातला देव्हारा स्वतः उचलून बाहेर ठेवला, हे तूच सांगतेस ना सगळ्यांना?"

ते तर खरंच होतं. बाईंचे वडील लोणी काळभोरचे. छप्पन साली धम्म घेतला, आणि खोट्यापुढे मान वाकवायची नाही हे पोरांना भाकरीबरोबर खाऊ घातलं. बाई चिडल्या. "मी कुणाला नमस्कार करा म्हटलं नाही. गोष्ट सांगितली. आणि माश्या वाचल्या की नाही?"

"फॉर नाऊ," अक्षता म्हणाली.

कार्टी खरं बोलली. दुसऱ्याच दिवशी घसरगुंडीजवळच्या खांबाला हळदीकुंकू लागलं. तिसऱ्या दिवशी नारळ, हिरवा खण, बांगड्या. ए विंगच्या बायकांनी शुक्रवारची आरती ठरवली. इथवर बाईंनी मनाला समजावलं, असू दे, फुलंच वाहतात ना? मग एका सकाळी चहाचा कप घेऊन त्या खिडकीशी गेल्या. खालून धुराची सरळ रेघ वर येत होती. कुणीतरी शेणीवर धूप घालून मोहळाईपुढे ठेवला होता. माश्यांचा आवाज बदलला होता. रोजचा गुणगुणता नव्हे, कढईत तेल तापत आल्यासारखा. लाटेवर लाट फिरत होती, थांबतच नव्हती. खाली राजनंदिनीचं पोर घसरगुंडीच्या पायरीवर चढत होतं.

बाई जिने उतरून धावल्या. लिफ्टची वाट बघायला धीर कुठला! धापा टाकत त्यांनी बादलीभर पाणी त्या धुपावर ओतलं.

"अगंबाई, हे काय!" बायका ओरडल्या. "देवीचा धूप विझवला?"

"धूर नका करू! धूर चालत नाही तिला. चवताळतील त्या!"

"देवीला धूप चालत नाही, असं कुठं असतं का?"

आता खरं बोलायची ही दुसरी संधी होती. पण पोर पायरीवर होतं, माश्या वर सळसळत होत्या, आणि शास्त्र ऐकायला कुणाला वेळ होता? बाईंनी आणखी एक टाका घातला. "मोहळाईला धूर वर्ज्य आहे. धुरानंच तर घालवलं होतं ना तिला? जो धूर करेल त्याच्या घरी ती पुन्हा येत नाही."

बायकांनी जिभा चावल्या, कान धरले. वरचा आवाज हळूहळू उतरला. प्रेमलाबाई रिकामी बादली घेऊन जिने चढू लागल्या. एक खोटं झाकायला दुसरं, आणि दुसरं झाकायला तिसरं. त्यांना स्वतःचाच राग येत होता. पण रोज सकाळी खिडकीत जाऊन मोहोळ जागेवर आहे हे पाहिलं की राग जरा निवायचा. मे महिन्यापर्यंत, त्या स्वतःला सांगत. तोवर ओढायचं.

रावसाहेब हा सगळा वेळ गप्प होते. हे लक्षण काही बरं नव्हतं. ते रोज संध्याकाळी खांबापाशी येत, चपला काढत, हात जोडत. येता-जाता प्रेमलाबाई दिसल्या तर अदबीनं म्हणत, "वा मॅडम, काय गोष्ट सांगितलीत. अजून कानात आहे."

पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी सर्वसाधारण सभा बोलावली. क्लबहाउस गच्च भरलं. रावसाहेब उभे राहिले. अंगात पांढरा सदरा, कपाळावर कुंकू.

"मी विज्ञान मानणारा माणूस," त्यांनी सुरुवात केली. "पण काल पहाटे मोहळाई माझ्या स्वप्नात आली."

  माणूस कुठे निघालाय हे प्रेमलाबाईंच्या एका वाक्यात ध्यानात आलं, गोष्टी रचणं हा धंदाच होता त्यांचा.

"आई मला म्हणाली, रावसाहेब, मी आले, लेकरांना पाहिलं, माझं मन भरलं. पण या सिमेंटवर माझं अंग भाजतं रे. मला आता निरोप द्या. वाजतगाजत माझं विसर्जन करा, म्हणजे मी माझ्या माळावर जाईन." रावसाहेबांचा गळा खरंच दाटून आला होता, की तो अभिनय होता, देव जाणे. "आता आईची आज्ञा. मी मोडणारा कोण?"

एक मोठा सुस्कारा हॉलभर फिरला. आणि त्या सुस्काऱ्यात बाईंना सगळं कळलं. लोक आठवडाभर दोन भीतींच्या मधे अडकले होते. वर माश्या, आणि मारावं तर पाप. या माणसानं दोन्ही गाठी एका झटक्यात सोडवल्या. पुण्यात विसर्जन कुणाला समजावून सांगावं लागतं का? दहा दिवस ज्याला डोक्यावर घ्यायचं त्याला अकराव्या दिवशी पाण्यात सोडायचं, आणि डोळे पुसत घरी यायचं. त्यात पाप नाही, त्यात प्रेमच असतं. अगदी राजनंदिनीचासुद्धा चेहरा किती दिवसांनी मोकळा झाला होता.

फक्त इंदुबाईंनी विचारलं, "पर भाऊ, इसर्जन म्हंजी मारनार का तिला?"

"छे छे! विसर्जनात कुणी मारतं का, इंदुबाई? निरोप असतो तो."

प्रेमलाबाई उठल्या.  "ही गोष्ट खोटी आहे," त्या म्हणाल्या. "मोहळाई कुणी नव्हती. माळावरचा आंबा, तो माणूस, सगळं मी रचलं. माइकसमोर उभी राहून रचलं. मला माश्या वाचवायच्या होत्या म्हणून. मी तुम्हाला फसवलं, मला माफ करा. पण त्यांना मारू नका. त्या आपणच जाणार आहेत."

 मग इंदुबाई मायेनं म्हणाल्या, "तुमी न्हाई रचली, बाई. ती तुमच्या तोंडानं बोलली. तुमाला कसं कळावं?" बायकांनी माना डोलावल्या.

आणि रावसाहेब हसले. खरं सांगायचं तर त्या हसण्यात कौतुकच होतं, पैलवानानं पडलेल्या पैलवानाची पाठ थोपटावी तसं. "मॅडम, समजा तुमचं खरं. गोष्ट खोटी. मग वर काय उरलं? नुसत्या माश्या. त्यांचा ठराव तर आपण आधीच पास केलेला आहे. देवी असेल तर विसर्जन, माश्या असतील तर पेस्ट कंट्रोल. तुम्हीच सांगा, कुठलं हवं?"

बाई उभ्याच राहिल्या. त्यांना आयुष्यात कधी नव्हे ते पुढचं वाक्य सुचत नव्हतं. त्यांनीच विणलेल्या जाळ्यात त्यांचाच पाय, आणि जाळ्याची दोरी दुसऱ्याच्या हातात. त्यांनी शेजारी बसलेल्या अक्षताकडे पाहिलं. अक्षता फोनवर होती, कुणाकुणाला विनवत होती. माश्या न मारता मोहोळ हलवणारे लोक असतात म्हणे. "आई, ते मंगळवारी येऊ शकतात," ती कुजबुजली. बाईंनी ते मोठ्यानं सांगितलं. मंगळवारपर्यंत, फक्त मंगळवारपर्यंत थांबा!

"मुहूर्त आजचा आहे," रावसाहेब म्हणाले.

संध्याकाळी ढोल-ताशा आला. बायका नऊवाऱ्या नेसून आल्या. खांबाची ओटी भरली, आरती झाली. मोहळाईची आरती कुणी केली होती कोण जाणे, चालीवर बसवलेली, चक्क बरी होती. मग मुलाबाळांना घराघरांत पाठवून खिडक्या लावून घेतल्या, बाकीचे ढोल-ताशासकट लांब गेटपाशी सरकले, आणि जाळीचे टोप घातलेली दोन माणसं पंप घेऊन शिडीच्या गाडीत चढली. त्यातल्या एकाच्या पंपाला कुणीतरी हळदीकुंकू लावलं होतं. प्रेमलाबाई आपल्या बंद काचेआड उभ्या होत्या. अक्षता म्हणाली, आत चल, बघू नकोस. त्या हलल्या नाहीत. आपण केलंय, तर बघायलाही आपणच हवं.

फवारा सुटला. मोहोळावरून लाट फिरली, पुन्हा फिरली, मग मधेच अडकली. माश्या आधी सुट्या सुट्या पडल्या आणि मग घोसाघोसांनी. खाली घसरगुंडीच्या पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज येत राहिला, ढोलातूनही तो ऐकू येत होता. काही काचेवर येऊन आपटल्या. बाईंनी काचेला आतून तळहात लावला, तो कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. खालून गजर झाला, "मोहळाई माता की जय! पुढच्या वर्षी लवकर या!"

सगळं शांत झाल्यावर त्या खाली गेल्या. मोहोळ कापून खाली आणलं होतं, पांढरंपिवळं, मधानं जड. माणसं पांगत होती, कुणी भेळेची ऑर्डर देत होतं. इंदुबाई मात्र पितळी वाटी घेऊन पंपवाल्याशी उभ्या होत्या.

"थोडा मध दे रं बाबा. परसाद म्हनून."

"आजी, हात लावू नका," तो टोप काढत म्हणाला. "विष झालंय त्याचं. मेलेल्या माश्यांनाही हात लावू नका, पोत्यात भरून नेतो आम्ही."

इंदुबाईंनी वाटीकडे पाहिलं, पायांशी पडलेल्या ढिगाकडे पाहिलं. ढिगात अजून कुठे कुठे पंख हलत होते. त्या प्रेमलाबाईंकडे वळल्या.

"बाई, देवीचा परसाद इख कसा व्हईल?" त्यांचा आवाज लहान झाला होता. "मंग आपन आज कुनाला मारलं?"

प्रेमलाबाईंना आता गोष्ट सांगायची नव्हती. कुठलीच. "देवी नव्हती हो, मावशी," त्या म्हणाल्या आणि त्यांचा बांध फुटला. "खरंच नव्हती. नुसत्या माश्या होत्या."

 इंदुबाई हळूहळू खाली बसल्या, पंपवाला नको नको म्हणत असताना पदराच्या टोकानं एक हलणारी माशी उचलून बाजूला गवतावर ठेवली.

"जित्या व्हत्या की," त्या म्हणाल्या. "नुसत्या कशाला म्हनताय?"